ब्रेक दाबला की मीटरचे दिवे लागतात! (जुनी गाडी, मागच्या दिव्यांचा घोळ)

खडखडाट
नमस्कार मंडळी. गाडी एकोणीस वर्षांची आहे. इंजिन ठणठणीत आहे, गिअर लोण्यासारखे पडतात. पण मागच्या दिव्यांनी महिनाभर डोकं उठवलंय.

दिवसा, सगळे दिवे बंद असताना ब्रेक दाबला की उजवा ब्रेक लाईट झक्क लागतो. डावा लागतो, पण विझत आलेल्या निखाऱ्यासारखा. आणि गंमत म्हणजे त्याच वेळी डॅशबोर्डवरच्या मीटरचे दिवे लागतात! पेडल सोडलं की जातात. आधी वाटलं भास होतोय, म्हणून अंधारात गाडी उभी करून पाहिलं. नंबर प्लेटचा दिवासुद्धा लागतो.

रात्री वेगळाच तमाशा. पार्किंग लाईट लावले की मागच्या काचेतला तिसरा ब्रेक लाईट पेडलला पाय न लावता सतत चालू. मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून दमतात.

आतापर्यंत केलेले उद्योग: डावा बल्ब दोनदा बदलला, नवाही तसाच मंद. होल्डरमध्ये मल्टीमीटर लावला तर बरोबर १२ व्होल्ट दाखवतो. फ्यूज शाबूत. उजवा छान लागतो म्हणून त्याला हात लावलेला नाही. आता पेडलचा स्विच बदलायचा विचार आहे. बदलू का?

पान्हा_दहा
बदला. तिसरा दिवा सतत चालू म्हणजे स्विचच अडकलाय. डोळे झाकून सांगतो. दोन पिनांचा साधा स्विच असतो, पेडलच्या वर ब्रॅकेटमध्ये. नट सैल करा, जुना काढा, नवा घाला. दहा मिनिटांचं काम.

मागची_सीट
डोळे झाकून सांगताय ते ठीक, त्यांनी डोळे झाकून ब्रॅकेटपर्यंत पोचायचं कसं? त्या पेडलच्या वर मान घालायची म्हणजे सर्कशीतलं काम. मी एकदा गेलो होतो, मुलाला बोलवून पाय ओढून बाहेर काढावं लागलं.

विजेरी
खडखडाट, स्विच अजून विकत घेतला नसेल तर थांबा. स्विच अडकला असता तर तिसरा दिवा दिवसाही पेटलेला राहिला असता. बहुतेक जुन्या गाड्यांत ब्रेक लाईटला चावीसुद्धा लागत नाही, म्हणजे गाडी बंद करून घरी गेलात तरी दिवे चालू आणि सकाळी बॅटरी झोपलेली. तुमच्याकडे तो *पार्किंग लाईट लावल्यावरच* लागतो. म्हणजे पेडलचा आणि त्याचा संबंध नाही. टेल लाईटचा (पार्किंग लावल्यावर मागे लागणाऱ्या मंद लाल दिव्याचा) करंट कुठूनतरी ब्रेकच्या वायरीत शिरतोय. आणि दिवसा याच्या उलट: ब्रेकचा करंट टेलच्या वायरीत शिरतो. मीटरचे दिवे, नंबर प्लेट, पुढचे पार्किंग हे सगळं टेलच्या सर्किटवर असतं, म्हणून ते लागतं. ब्रेक दाबून पुढून बघायला लावा कुणाला तरी, पुढचे छोटे दिवेही लागत असणार.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं नको व्हायला. तीन प्रश्न:

१) ब्रेक दाबल्यावर मीटरचे दिवे पूर्ण तेजाने लागतात की मिणमिणतात?
२) डावा इंडिकेटर चालू ठेवून ब्रेक दाबला तर डावा ब्रेक लाईट त्याच्या तालावर नाचतो का?
३) उजवा बल्ब काढून त्याच्या पितळी बुडावर काय लिहिलंय ते वाचून सांगा.

खडखडाट
विजेरीताई, पुढचे दिवे लागतात, हो! बायकोने पुढे उभं राहून सांगितलं. (ब्रेकवर पाय ठेवून "लागला का, लागला का" ओरडत बसायचा प्रकार शेजाऱ्यांनी गॅलरीतून पाहिला.)

१) पूर्ण तेजाने.
२) नाचतो! आणि इंडिकेटर बंद असताना नुसता ब्रेक दाबला तर डॅशबोर्डवरचा डावा हिरवा बाण अगदी पुसट लागतो. हे आज पहिल्यांदाच लक्षात आलं.
३) उजव्या बाजूचा एक स्क्रू गंजलाय, फिरत नाहीये. पण उजवा तर चांगला आहे ना, तो कशाला काढायचा?

मागची_सीट
ब्रेक बघायला माणूस लागत नाही. पेडल आणि सीटच्या कडेमध्ये एक काठी अडकवायची. नाहीतर संध्याकाळी गाडी भिंतीला पाठ करून लावायची आणि आरशात भिंतीवरचा लाल उजेड बघायचा. मी मोबाईल मागे टेकवून व्हिडिओ काढतो. त्यात माझं मी ओरडलेलं पण येतं.

गंजका_खिळा
स्क्रूवर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. घाई केलीत तर डोकं गोल होईल, स्क्रूचं आणि तुमचंही. पेचकस पूर्ण मापाचा घ्या, मागून एक ठोका द्या, आणि *आधी किंचित घट्ट करा*, मग सैल. गंज मोडतो. प्लास्टिकची काच ओढू नका, जुन्या गाडीची काच बिस्किटासारखी असते.

पान्हा_दहा
मान्य, स्विच नसेलही. पण मल्टीमीटर १२ दाखवतोय आणि बल्ब नवा, तरी मंद. मग बल्बच बोगस कंपनीचे. आता सरळ एलईडी टाका दोन्हीकडे, प्रश्न मिटला.

विजेरी
मल्टीमीटरने इथे सगळ्यांना फसवलंय, म्हणून जरा लांबण लावते.

मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वायरीच्या तीस तारांपैकी एकोणतीस तुटून एक उरली असेल, किंवा अर्थच्या (म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या परतीच्या वायरीच्या) नटाखाली गंजाचा थर असेल, तरी रिकाम्या होल्डरमध्ये मीटर दिमाखात १२ दाखवेल. बल्ब तसा नाही. २१ वॅटचा ब्रेकचा बल्ब १२ व्होल्टला पावणेदोन अँपिअर मागतो. तेवढा करंट त्या गंजातून जायला लागला की व्होल्टेज तिथेच अडकतं. म्हणून माप *बल्ब लागलेला असताना* घ्यायचं. बल्ब काढून घेतलेलं माप म्हणजे नळ बंद ठेवून पाण्याचा जोर बघण्यासारखं.

आणि तंतूचा बल्ब व्होल्टेजच्या बाबतीत फार नाजूक. उजेड साधारण व्होल्टेजच्या साडेतीन घाताने बदलतो. १२ च्या जागी साडेदहा मिळाले तर उजेड एक तृतीयांशाहून जास्त पडतो. निम्मं व्होल्टेज मिळालं तर उजेड निम्मा नाही, दहावा हिस्सासुद्धा उरत नाही. तोच तुमचा निखारा.

मला डावीकडे अर्थचा दोष वाटतो. मागच्या दिव्याच्या खोक्यात ब्रेक, टेल, इंडिकेटर, रिव्हर्स या सगळ्यांची परतीची वाट बहुतेक एकच, एका काळ्या किंवा तपकिरी वायरीतून बॉडीला. ती वाट बुजली की ब्रेकचा करंट शेजारच्या बल्बमधून उलटा शिरतो, इंडिकेटरच्या तंतूतून पुढच्या इंडिकेटरपर्यंत जातो आणि तिथल्या अर्थला मिळतो. जाता जाता हिरवा बाण पुसट लावतो. तुमचं दुसरं उत्तर हेच सांगतंय.

पण अर्थच्या दोषाने मीटरचे दिवे *पूर्ण तेजाने* लागत नाहीत. करंट पाच वॅटच्या बारक्या तंतूतून गाळून येतो, पलीकडे काही उरत नाही. म्हणजे आणखी काहीतरी आहे. म्हणून उजवा बल्ब काढा म्हणतेय. चांगला लागतो हा तो बरोबर असल्याचा पुरावा नाही.

एलईडीबद्दल नंतर भांडू.

गंजका_खिळा
+१. विजेरी कुठे चालल्यात ते कळलं, पण खडखडाट यांना स्वतः बघू दे. मजा जाईल.

निवांत_गिअर
अवांतर: माझ्या ऑटोमॅटिकमध्ये एक दिवस गिअर पार्कमधून हलेचना. गिअरबॉक्स गेला म्हणून रडकुंडीला आलो. निघाला ब्रेक लाईटचा स्विच! पेडल दाबलंय हे गाडीला त्यावरूनच कळतं. ब्रेक लाईट लागत नाहीत आणि गिअर हलत नाही, असं दोन्ही एकदम झालं तर आधी तो स्विच आणि त्याचा फ्यूज बघा. क्रूझ कंट्रोल लागत नसेल तरी तेच.

मागची_सीट
आणि पायाशी प्लास्टिकचा चुरा दिसला तर तो झाडून टाकू नका! माझ्या गाडीत पेडलच्या पट्टीला एका भोकात बटणाएवढी प्लास्टिकची टोपी असते, स्विचचा दांडा तिच्यावर टेकतो. वयाने ती ठिसूळ झाली आणि फुटली. दांडा भोकातून आरपार, स्विचला वाटतंय पेडल दाबलेलं आहे, रात्रभर तिन्ही दिवे चालू, सकाळी बॅटरी ठार. मॅटवर तीन पिवळट तुकडे पडले होते, मी ते चण्याचं साल समजून फेकले. नवा स्विच आणून बसवला, तरी दिवे चालूच. चोर सोडून संन्याशाला फाशी. शेवटी भोकात एक बारका नट-बोल्ट बसवला, त्याचं डोकं दांड्यासमोर. चार वर्षं झाली.

खडखडाट
मंडळी!!! स्क्रू निघाला. (खिळाकाका, तुमची घट्ट-करून-सैल युक्ती रामबाण.)

उजव्या बल्बच्या बुडावर लिहिलंय: पी२१डब्ल्यू. डावीकडच्या, मी आणलेल्या बल्बवर: पी२१/५डब्ल्यू. उजवा होल्डरमध्ये जरा वाकडाच बसला होता, एक खुंटी खाचेत अडकलेली, दुसरी नुसतीच टेकलेली. आणि त्याच्या बुडाला शिशाचा एकच ठिपका आहे, डाव्याला दोन.

हा मी घातलेला नाही. गाडी घेतली तेव्हापासून असणार, किंवा मधल्या कुठल्या तरी सर्व्हिसिंगमध्ये कुणी घातला असणार. पण याने मीटरचे दिवे कसे लागतील ते अजून डोक्यात शिरत नाहीये.

विजेरी
सापडला!

तुमच्या गाडीत मागचा लाल दिवा एकाच बल्बमध्ये दोन कामं करतो. ५ वॅटचा तंतू टेलसाठी, २१ वॅटचा ब्रेकसाठी. म्हणून होल्डरच्या तळाशी दोन स्प्रिंगचे ठिपके आणि बल्बला दोन शिशाचे ठिपके. पी२१डब्ल्यूमध्ये तंतू एकच, ठिपका एकच, मधोमध आणि मोठा. तो त्या होल्डरमध्ये कोंबला की एकच ठिपका *दोन्ही* स्प्रिंगांवर बसतो. टेल आणि ब्रेक एकमेकांना जोडले गेले. ब्रेक दाबा, टेलचं सगळं गावजेवण त्यात. टेल लावा, तिसरा ब्रेक लाईट चालू. स्विच, फ्यूज, वायरिंग सगळं निर्दोष.

कोंबता येऊ नये म्हणून खुंट्यांची सोय केलेली असते: एका तंतूच्या बल्बच्या दोन्ही खुंट्या एका उंचीवर, दोन तंतूंच्या बल्बची एक वर, एक खाली. पण पत्र्याचा जुना होल्डर आणि जोर असलेला अंगठा असला की काहीही बसतं.

आता तिथे बरोबर बल्ब घाला. मग तोच प्रयोग परत.

मागची_सीट
म्हणजे सगळ्यात झक्क लागणारा दिवाच चोर निघाला. आमच्या वर्गात असाच एक होता.

गंजका_खिळा
भर घालतो. बरोबर बल्ब असूनही हाच चमत्कार होऊ शकतो. तंतू तुटला की कधी कधी लोंबकळतं टोक शेजारच्या तंतूवर पडून चिकटतं. दोन सर्किटं आतच जुळली. उजेडासमोर धरून बघितलं की दिसतं. मी एक असा बल्ब जपून ठेवलाय, नव्या पोरांना दाखवायला.

पान्हा_दहा
मान गये. पण बल्ब हाताने धरू नका, काचेला बोटं लागली की फुटतो.

विजेरी
तो नियम हॅलोजनचा, हेडलाईटच्या बल्बचा. त्याची काच फार तापते, बोटाचं तेल तिथे जळतं. मागच्या साध्या बल्बला काही होत नाही. फडक्याने धरायचा तो दुसऱ्याच कारणाने: आत्ताच लागलेला असेल तर बोट भाजतं.

खडखडाट
उजवीकडे पी२१/५डब्ल्यू घातला. मीटरचे दिवे बंद, नंबर प्लेट गप्प, रात्रीचा तिसरा दिवा शहाण्यासारखा. महिनाभराचं भूत पाच मिनिटांत उतरलं!

डावा मात्र तसाच मंद, आणि हिरवा बाण अजून पुसट लागतो. म्हणजे दोन वेगवेगळे आजार होते तर. मी एकच कारण शोधत होतो, म्हणून काहीच जुळत नव्हतं.

विजेरी
आता डाव्याचा अर्थ. मीटरशिवायही कळेल. डाव्या दिव्यापासून उजव्यापर्यंत पोचेल एवढी वायर घ्या, दोन्ही टोकं सोला. एक टोक डाव्या होल्डरच्या पत्र्याला, दुसरं उजव्या होल्डरच्या पत्र्याला. उजव्याचा अर्थ चांगला आहे हे माहीत आहेच. ब्रेक दाबून ठेवा. डावा झपकन उजळला तर निदान पक्कं. फक्त टोक होल्डरच्या तळातल्या ठिपक्यांना लागू देऊ नका, नाहीतर फ्यूज जाईल.

मीटरने बघायचं तर ब्रेक दाबलेला, बल्ब लागलेला, मीटरचं एक टोक डाव्या पत्र्याला, दुसरं उजव्याला. चांगल्या अर्थला ०.१-०.२ व्होल्टच्या वर काही दिसू नये.

खडखडाट
५.४ व्होल्ट!! आणि वायर जोडल्याबरोबर डावा असा उजळला की डोळे दिपले. मग डिकीतलं अस्तर बाजूला करून तपकिरी वायरीच्या मागे मागे गेलो. ती चाकाच्या कमानीच्या वर एका बोल्टला गेलीय. वरून सगळं व्यवस्थित दिसत होतं, बोल्टही घट्ट. उघडल्यावर खाली थिंबलच्या (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) मागे पांढरी-हिरवी पूड आणि तिच्याखाली तांबडा गंज, खवल्यांसारखा. बाजूला पाण्याचा ओघळ वाळलेला. दिव्याच्या रबरातून पाणी गळत असणार.

आता घासू? किती?

गंजका_खिळा
चकचकीत पत्रा दिसेपर्यंत. ४०० नंबरचा पॉलिश पेपर घ्या. लोखंडी काथ्या अजिबात नको, त्याचे तुकडे होल्डरमध्ये पडून शॉर्ट करतात. थिंबल खूप खाल्लं असेल तर कापून नवं दाबून बसवा, आणि कापताना वायरीच्या आत बघा. तांबं काळं पडलं असेल तर लखलखीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जा. रंगावर वॉशर आवळून अर्थ होत नाही, हे नवशिक्यांना सांगून दमलो. आवळून झाल्यावर *वरून* ग्रीस किंवा रंग. आधी नाही.

होल्डरचे ठिपकेही बघा. प्लास्टिक तपकिरी झालं असेल, वितळून स्प्रिंग आत गेली असेल, तर घासून उपयोग नाही, होल्डरच बदला. लूज कॉन्टॅक्ट तापतो, तापला की आणखी लूज होतो.

विजेरी
आणि पाणी कुठून येतंय ते बंद करा, नाहीतर हेच परत. दिव्याच्या खोक्याला खाली निचऱ्याचं बारीक भोक असेल तर ते मोकळं करा. सिलिकॉन फासताना लोक तेच आधी बुजवतात.

निवांत_गिअर
हॅचबॅकवाल्यांसाठी: तिसरा दिवा कधी लागतो, कधी नाही, दार उघडलं की लागतो, असं असेल तर बिजागरीपाशी रबराची जी घडीघडीची नळी असते ती सरकवून बघा. रोज दार उघडून वायरी आत तुटतात. वरचं प्लास्टिक शाबूत असतं, त्यामुळे दिसत नाही. एकेक वायर हलकेच ओढायची. जी रबरबँडसारखी लांबते, तिच्यात तांबं उरलेलं नाही.

पान्हा_दहा
एलईडीचं भांडण राहिलं. माझ्याकडे दोन वर्षं आहेत, काही त्रास नाही. करंट कमी, पेटतात झटकन.

विजेरी
झटकन पेटतात, मान्य. तंतूला तापायला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो, एलईडीला नाही. तेवढ्यात मागची वेगातली गाडी काही मीटर पुढे येते. पण दिव्यातला आरसा आणि काच तंतूच्या जागेप्रमाणे घडवलेली असते. एलईडीचा उजेड भलतीकडून आला तर मधे एक ठिपका आणि कडा अंधाऱ्या, आणि टेल व ब्रेक यांतला फरक मागच्याला कळत नाही. लाल काचेमागे पांढरा एलईडी तर गुलाबी दिसतो, तिथे लालच हवा. काही गाड्यांत बल्ब गेल्याचा इशारा उगाच येतो. शिवाय कित्येक देशांत साध्या बल्बच्या दिव्यात एलईडी कायद्याने चालत नाही. आणि मुख्य म्हणजे इथे तो टाकला असता तर कमी करंटमुळे गंजक्या अर्थवरसुद्धा बरा लागला असता, इंडिकेटर मात्र तसाच आजारी राहिला असता.

गंजका_खिळा
जुन्या फोक्सवॅगन बीटलचा एक किस्सा. तिच्यात पेडलला स्विच नाही, ब्रेकच्या तेलाच्या दाबावर चालणारा स्विच मास्टर सिलिंडरवरच (ब्रेकचं तेल ढकलणाऱ्या मुख्य पंपावर) असतो. म्हातारा झाला की हलका ब्रेक दिवा लावत नाही, जोरात दाबला तरच. माझा तर वायरीच्या टोकातून तेल गाळत होता. अशा गाडीचा स्विच बदलणं दहा मिनिटांचं काम नाही, पान्हासाहेब. तो काढला की हवा शिरते, ब्रेक ब्लीड करावे लागतात, म्हणजे तेलातली हवा काढावी लागते. तेल रंगावर सांडलं तर रंगही जातो. ज्याला ब्लीडिंग येत नाही त्याने तिथे हात घालू नये.

पान्हा_दहा
ते मान्य. दहा मिनिटं मी मागे घेतो.

खडखडाट
झालं! पत्रा घासला, नवं थिंबल, नवा वॉशर, वरून ग्रीस. डाव्या-उजव्या पत्र्यांमधलं माप आता ०.०४. दोन्ही दिवे जुळ्या भावांसारखे. हिरवा बाण ब्रेकच्या वेळी मेला. रबराला एक चीर होती, ती सध्या बुजवलीय, नवं रबर शोधतोय.

एक राहिलं होतं. तो उजवीकडचा चुकीचा बल्ब फेकायच्या आधी भिंगाखाली धरला. बुडाच्या शिशाच्या ठिपक्यावर दोन बारीक चरे आहेत, शेजारी शेजारी, मधे तांदळाच्या दाण्याएवढं अंतर. दोन्ही स्प्रिंगांनी कोरलेले.

मागची_सीट
फोटो टाका. आणि पेडलखाली एकदा बघून घ्या, चण्याची सालं नाहीत ना.

खडखडाट
बघितलं. एक आहे. पिवळट.